धडधाकट मुलांची टंचाई

माझी बायको मुलांची डॉक्टर आहे. या एका वाक्यात आमच्या संसाराचं बरंचसं वर्णन येतं. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत जेवणाच्या ताटावर बसून मी बाळांच्या शीचे जितके फोटो पाहिले, तितके सूर्यास्ताचे पाहिले नसतील. पालक फोटो पाठवत आणि हेमांगी मोबाइल माझ्याकडे सरकवून म्हणे, "बघ रे, हिरवट आहे की पिवळी? माझा चष्मा दवाखान्यात राहिलाय." मी विट्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पण हिरवट आणि पिवळी यांतला फरक मला गावातल्या कुठल्याही कंपाउंडरइतका कळतो.

मुलांचे डॉक्टर तेव्हा कमी होत चालले होते. नव्या पोरांना तो विषय नको असायचा. पेशंट बोलत नाही, नातेवाईक मात्र चौघेचौघे बोलतात, आणि थंडी-तापाच्या दिवसांत दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. हेमांगी दिवसाला सव्वाशे-दीडशे मुलं तपासायची. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी तिने नवरीकडच्या तीन मुलांचे घसे पाहिले होते. आमची स्वरदा पाच वर्षांची असताना बाहुलीला मांडीवर घेऊन समजावत होती, "आई येईलच हं आता, फक्त पाच पेशंट राहिलेत." ते ऐकून मी हसलो होतो, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसलो होतो.

अशा दिवसांत आमच्याकडे आरसा आला.

त्याचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते कंपनीच्या माणसांनाही एका दमात म्हणता येत नसे. विट्यात त्याला पहिल्या दिवसापासून आरसा म्हणत, कारण तो दिसायचा तसाच. भिंतीवर पुरुषभर उंचीची काच, तिच्यासमोर खुर्ची. आई मुलाला मांडीवर घेऊन बसायची. मूल काचेत स्वतःला बघून हसायचं, रडायचं किंवा काच चाटायला धावायचं. दोन मिनिटांत काम व्हायचं.

काचेमागे कॅमेरे होते. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीत रक्त येतं आणि तिचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना तो बदल दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून नाडी कळते. छाती-पोटाच्या हालचालीवरून श्वास मोजता येतो. रडण्याच्या पट्टीवरून, खोकल्याच्या आवाजावरून, मूल नजर किती चटकन वळवतं यावरून आणखी बरंच काही. या सगळ्याची मोट बांधून आरसा एक दिवा लावायचा. हिरवा लागला की नदाफ सिस्टर औषध आणि सल्ला देऊन घरी पाठवायच्या. पिवळा लागला की उद्या परत. लाल लागला तरच मूल हेमांगीच्या खोलीत जायचं.

त्यात आणखी एक सोय होती, आणि ती मला संख्याशास्त्राचा माणूस म्हणून फार आवडली होती. आरसा शिकायचा. लाल दिव्याचं मूल तपासून झालं की हेमांगी एक बटण दाबायची, 'पाठवलं ते बरं झालं' किंवा 'उगाच पाठवलं'. राज्यभर असे शेकडो आरसे होते आणि शेकडो डॉक्टर बटणं दाबत होते. दर तिमाहीला त्या सगळ्यांचा हिशोब होऊन लाल दिव्याची पातळी नव्याने ठरायची. डॉक्टरांचं शहाणपण थेंबाथेंबाने यंत्रात जमा होतंय, असं कंपनीचा प्रतीक बोंद्रे म्हणायचा. हा सांगलीचा मुलगा आमच्या भागातले सगळे आरसे सांभाळायचा आणि बोलताना हात फार हलवायचा.

पहिल्याच महिन्यात दीडशेची तीस मुलं झाली. हेमांगी संध्याकाळी सहाला घरी! पहिल्या दिवशी तिला दारात उजेडात पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी सुख म्हणतो. स्वरदा तेव्हा नऊ वर्षांची होती, तिने आईला कॅरम शिकवायला घेतला. जिचा हात बाळाच्या केसाएवढ्या शिरेत बरोबर सुई घालतो, तिला राणी काही केल्या भोकात घालता येईना. स्वरदा कपाळावर हात मारून घेई. रात्री जेवताना तिघांच्या गप्पा चालायच्या आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत असायचा. बायको आपल्याला आवडते हे मला माहीत होतं. तिच्याशी बोलण्यासारखं इतकं काही असतं, हे चौदा वर्षांनी कळलं. दीड-पावणेदोन वर्षं हे असंच चाललं, आणि माझी आणखी काही मागणी नव्हती.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. दवाखाना बंद करताना आरसा हेमांगीलाही एक प्रश्न विचारायचा. आज कामाचं समाधान किती, दहापैकी? ते आकडे ती मला सहज सांगायची आणि मी ते सहज डोक्यात ठेवायचो, माझा धंदाच तो. सुरुवातीला नऊ होते. मग आठ. पेशंट तिसांचे बावीस झाले तेव्हा सहा. बाविसांचे पंधरा झाले तेव्हा चार.

"हे उलटं आहे," मी म्हणालो. "काम कमी होतंय तसं समाधान वाढायला पाहिजे."

"कोण म्हणतं?"

"जगातले सगळे अभ्यास म्हणतात."

"मग त्यांना बोलव माझ्या जागी," असं म्हणून ती भाजी निवडायला बसली. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "मुकुंद, मलाही कळत नाही रे. दमत नाही मी. जेवण वेळेवर, झोप पुरेशी. पण सकाळी निघताना पाय उचलत नाही. आधी दमायचे, पण पाय उचलायचा."

पुढच्या आठवड्यात बोंद्रे पेढे घेऊनच आला. "मॅडम, तुमचं आणि आरशाचं एकमत सत्त्याण्णव टक्क्यांवर गेलं! पहिल्या वर्षी ऐंशी होतं. सगळ्या जिल्ह्यांत हेच चाललंय. डॉक्टर आणि यंत्र आता एका डोळ्याने बघतायत."

हेमांगीने पेढा घेतला, पण हसली नाही. मला वाटलं वयाचा परिणाम असेल. पंचेचाळिशी उलटली की माणसाचं असं होतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

जानेवारीत महिला मंडळाच्या शैलजाताई मोहिते घरी आल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून त्यांनी सुदृढ बालक स्पर्धा ठेवली होती. हेमांगी परीक्षक, आणि गुणांची बेरीज करायला मी. "सर, तुम्ही आकड्यातले. शेवटी भांडणं होतात ओ, बेरजेवरनं," असं शैलजाताईंनी मला समजावलं.

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये दुपारी सतरंज्या टाकल्या होत्या आणि त्यांवर वर्ष-दीड वर्षाची चाळीसेक मुलं होती. वजन, उंची, दात आणि लसी यांचे गुण आधीच लागले होते. 'एकंदर प्रकृती' या रकान्याचे दहा गुण हेमांगीने द्यायचे होते. ती एकेका मुलापुढे बसत होती आणि मी मागून आकडे टिपत होतो. तिसऱ्या-चौथ्या मुलानंतर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ही मुलं एवढी चळवळी का आहेत रे?"

"मुलंच आहेत."

"नाही, पण बघ ना. हा किती लाल झालाय. आणि ती एका जागी ठरतच नाहीये." तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं कुतूहल होतं. परगावच्या बाजारात ओळखीची नसलेली भाजी दिसावी तशी ती त्या मुलांकडे बघत होती. त्या लाल झालेल्या पोराला तिने सात दिले. सात! त्याची आई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच दिलेत.

पहिला नंबर विराज माळीला मिळाला. चौदा महिन्यांचा विराज गोरापान, गुटगुटीत, गालांना खळ्या पडणारा. सगळा हॉल रडत, रांगत, एकमेकांचे डोळे टोचत असताना हा आईच्या मांडीवर शहाण्यासारखा बसून होता. बाया येऊन येऊन त्याच्यावरून बोटं मोडून जात होत्या. त्याची आई सारिका लाजत सांगत होती, "लई गुणाचं हाय ओ. रडाय न्हाई, काय न्हाई. घरच्या म्हशीचं दूध. दिवसाला दीड लिटर सोडत न्हाई." हेमांगीने त्याच्या गालाला हात लावला आणि दहापैकी दहा दिले. मला विचाराल तर मीही तेवढेच दिले असते.

बक्षीस होतं प्रेशर कुकर. फोटोसाठी पहिले तिघे स्टेजवर आले, मध्ये विराज, डावीकडे दुसऱ्या नंबराची एक काळीसावळी, कमालीची उपद्व्यापी पोरगी. मी मोबाइल धरून "इकडे बघा" करत होतो. त्या पोरीने हात लांब करून विराजच्या हातातलं तिळगुळाचं पुडकं ओढलं. दोन हात शेजारी शेजारी आले. तिचा तळवा गुलाबी. त्याचा तळवा भाकरीच्या पिठासारखा पांढरा. त्याने पुडकं सोडून दिलं, रडलाही नाही.

हेमांगी स्टेजवरच त्याच्यापुढे वाकली. एक हात त्याच्या छातीवर ठेवला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली असायला हवी तिथे नुसता मेणचट पांढरा रंग होता. तिने त्या पोरीची पापणी पाहिली, मग पुन्हा त्याची. तिच्या चेहऱ्यावरचा रंगही उतरलेला मला मोबाइलच्या पडद्यावर दिसला.

"सारिका, याला आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात आणायचं," ती म्हणाली. "याच्या अंगात रक्तच नाहीये."

सारिकाचा आधी विश्वासच बसेना, मग ती भडकली. "असं काय बोलताय, म्याडम? आत्ताच तर पहिला नंबर दिलासा की तुमीच!"

"दिला. मी चुकले."

"बगा, नजर लागली माज्या लेकराला!" सारिकाची सासू मागून म्हणाली, आणि शैलजाताईंनी कुकरचं खोकं छातीशी धरून माझ्याकडे पाहिलं. स्पर्धेत असं कधी झालं नव्हतं. हेमांगीने कुणाशी वाद घातला नाही. तिने मूल उचललं आणि ती चालायला लागली. आई मागोमाग येणार हे तिला माहीत होतं.

हिमोग्लोबिन निघालं चारच्या खाली. म्हशीचं दूध पौष्टिक, पण त्यात लोह जवळजवळ नसतं. पोट दुधानेच भरलं की मूल भाकरी-भाजीला तोंड लावत नाही. ते गुबगुबीत होतं, गोरं दिसायला लागतं, आणि अंगात त्राण नसल्यामुळे शांत बसतं. आपल्याकडे गोरं, गुटगुटीत, न रडणारं मूल म्हणजे सुदृढ बालक. विराजचं हृदय त्या पाणचट रक्तावर कसंबसं गाडी ओढत होतं. साधा खोकला छातीत उतरला असता तरी ते थांबू शकलं असतं. सांगलीहून ड्रोनने रक्ताची पिशवी आली. फार हळू द्यावं लागतं, घाई केली तर त्याच हृदयावर ताण येतो. हेमांगी शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो, तेव्हा विराज पलंगाचा कठडा धरून उभा होता आणि भोकाड पसरून रडत होता. सारिकाही रडत होती. "कवा एवढा रडला न्हवता ओ," ती म्हणाली. हेमांगीने सांगितलं, "रडू दे. आता ताकद आली त्याला." त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मला हायसं वाटलं.

मला वाटलं प्रकरण मिटलं. पण संध्याकाळी स्वरदाने कॅरम मांडला तेव्हा हेमांगी बसली नाही. मला म्हणाली, "तीन आठवड्यांपूर्वी हा मुलगा खोकल्यासाठी आला होता. आरशाने हिरवा दिवा दाखवला."

"म्हणजे आरसा चुकला."

"आरसा एकटा चुकला असता तर बरं झालं असतं. मी भर उजेडात, दोन फुटांवरून पाहून त्याला दहा दिले, मुकुंद. यंत्राचं आणि माझं एकमत झालं. चुकीचं एकमत. वीस वर्षांत तळवा न बघता मी मूल सोडलेलं नाही. मला का दिसलं नाही? तू आकड्यांतला आहेस. शोधून दे."

इतका छान प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता, हे मी कबूल करतो. मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. आरसा प्रत्येक मुलाचं वीस सेकंदांचं चित्रण ठेवायचा. पहिल्या दोन महिन्यांतली मुलं मी निवडली. शंभर अशी, ज्यांना हेमांगीने तेव्हा दाखल केलं होतं किंवा रोज बोलावलं होतं, आणि शंभर अशी, ज्यांना तिने 'उगाच पाठवलं' म्हटलं होतं. नावं झाकली, क्रम पिसला आणि दोन रविवार तिला ती दाखवली. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, काळजी करण्यासारखं आहे का?

जी मुलं तिला तेव्हा ठीक वाटली होती, ती सगळी आजही ठीक वाटली. पण ज्या शंभरांची तिने तेव्हा काळजी केली होती, त्यांतल्या चौतीस मुलांना ती आज घरी पाठवत होती. तेच डोळे, तीच मुलं, मध्ये फक्त पावणेदोन वर्षं.

उत्तर शाळेतल्या प्रयोगाएवढं सोपं होतं. हात बराच वेळ कढत पाण्यात ठेवा आणि मग कोमट पाण्यात घाला, तर ते गार लागतं. हाताला पाण्याचं तापमान कळत नाही, फरक कळतो. डोळ्याचंही तसंच. दिवसाला दीडशे मुलं बघताना हेमांगीच्या डोळ्यांपुढून एकशे वीस धडधाकट मुलं जायची, नाक वाहणारी, किंचाळणारी, स्टेथोस्कोप चावणारी. त्या कटकटीच्या गर्दीतून तिच्या नकळत एक माप तयार व्हायचं. निरोगी मूल असं असतं. त्या मापापुढे एखादं जरासं फिकं मूल आलं तरी खटकायचं. आरशाने ती एकशे वीस मुलं दारातच अडवली. आता तिला दिसत होती फक्त अत्यवस्थ मुलं, आणि त्यांच्या शेजारी साधं आजारी मूल ठणठणीत वाटायला लागलं.

पुढचा भाग कळला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. हेमांगीला ठणठणीत वाटलं की ती दाबायची 'उगाच पाठवलं'. राज्यातले सगळे डॉक्टर तेच दाबत होते. त्यावरून आरसा शिकायचा आणि पुढच्या तिमाहीला आणखी कमी मुलं आत सोडायचा. मग डॉक्टरांना त्याहून अत्यवस्थ मुलंच दिसायची. माप आणखी सरकायचं, बटण आणखी दाबलं जायचं. पेशंट तिसांचे बावीस, बाविसांचे पंधरा. मुलं निरोगी होत नव्हती. डॉक्टर आणि यंत्र हात धरून एकाच उतारावरून घसरत होते, आणि सोबत असल्यामुळे घसरतोय हे कुणालाच कळत नव्हतं.

इथपर्यंत मला आनंदच झाला होता. कोडं सुटल्याचा आनंद निर्लज्ज असतो. मग हॉलमधून स्वरदाचा आवाज आला, "आई, तुझी पाळी!" आणि हे खरं असेल तर काय करावं लागेल ते माझ्या ध्यानात आलं.

हेमांगी आत येऊन उभी राहिली. "काय निघालं?"

"नमुना लहान आहे," मी म्हणालो. संख्याशास्त्रज्ञाला पळून जायला ही एक वाट कायम उघडी असते. "दोनशे म्हणजे काही फार नाहीत. आणखी वर्षभर माहिती जमवली तर—"

"मुकुंद."

एवढंच म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. चौतीस हा आकडा ऐकून ती पलंगावर बसली आणि कितीतरी वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली.

बोंद्रेला बोलावलं. तो ऐकत गेला तसतसे त्याचे हात हलायचे थांबले. "म्हणजे सर, ते सत्त्याण्णव टक्के..."

"ते वाढायला नको होते. ते वाढले तेव्हाच शंका यायला हवी होती."

तो हुशार होता, लगेच उपाय शोधायला लागला. "मॅडम, रोज सकाळी अर्धा तास निरोगी मुलांचे व्हिडिओ बघितले तर? सवय राहील डोळ्याला."

"मी महिनाभर पोहायचे व्हिडिओ बघते, मग तू मला विहिरीत ढकल," हेमांगी म्हणाली. "तळवा हातात घ्यावा लागतो रे. मूल लाथ किती जोरात मारतं, ते आपल्याला लागावं लागतं. आरसा राहू दे. पण माझ्या आधी नको, माझ्यानंतर. सगळी मुलं पहिल्यांदा माझ्याकडे येतील, आणि मी सगळ्यांची बटणं दाबीन. धडधाकटांचीही. मग तो शिकेल ते खरं शिकेल."

"पण मॅडम, रोज शंभर-दीडशे?" बोंद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

बोंद्रेने हे वर कळवलं आणि ते पत्र्यावरच्या पावसासारखं सगळीकडे वाजलं. कंपनीने आकडे तपासायला घेतले. काही डॉक्टरांनी आपणहून आरसा मागे सरकवला. काहींनी हेमांगीला फोन करून सुनावलं. तिच्याबरोबर शिकलेले डॉ. साळुंखे फोनवर म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं आहे गं. पण मी सहा वर्षांनी पहिल्यांदा पोराच्या स्नेहसंमेलनाला गेलो होतो या वर्षी. मला नको सांगूस." जास्त डॉक्टर हवेत, एवढंच त्याचं उत्तर, आणि ते तिच्या हातात नव्हतं.

घरी मात्र तिला उत्तर द्यावंच लागलं. रविवारी तिने स्वरदाला समोर बसवून सगळं सांगितलं, कढत पाण्यापासून. स्वरदा आता अकरा वर्षांची होती आणि तिला सगळं समजलं, हीच पंचाईत झाली.

"म्हणजे आता रोज नाही खेळायचं?"

"रोज नाही जमणार."

"रविवारी?"

"रविवारी नक्की. अगदीच कुणी अत्यवस्थ आलं तर नाही."

स्वरदाने सोंगट्या डब्यात भरल्या. "ते बाळ मेलं असतं का?"

"असतं कदाचित."

"मग जा," ती म्हणाली, आणि डबा घेऊन खोलीत गेली. दार लावून घेतलं. हेमांगी उठून तिच्या मागे जाणार होती, मी हाताने थांबवलं. मलाही दार लावून बसावंसं वाटत होतं. माझी चिडचिड कुणावर काढावी हेही कळत नव्हतं, कारण चौतीस हा आकडा मीच काढला होता.

सोमवारपासून रांग परत आली. सात वाजले, आठ वाजत आले, तिचं ताट झाकलेलंच. आठवडाभर मी आणि स्वरदा समोरासमोर बसून मुकाट जेवलो. शनिवारी ती म्हणाली, "बाबा, डबा घेऊन आपणच जाऊ या."

दवाखान्यात बाकावर जागा नव्हती. कुणाचं मूल रडत होतं, कुणाचं बिस्कीट चुरत होतं, एक जण चप्पल चाटत होता आणि त्याची आई शेजारणीशी बोलण्यात गुंग होती. नदाफ सिस्टर घामाघूम होऊन नावं पुकारत होत्या. स्वरदाने डबा माझ्या हातात दिला, सरळ त्यांच्याकडे गेली आणि स्वतःचं नाव सांगून नंबर घेतला. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

आम्ही रांगेत बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. एक आजी सांगत होती, "कालपास्नं शिंकतंय बगा." मग कसलीतरी झटापट, मग हेमांगीचा आवाज, "अगं बाई, लाथ कसली मारतोय! आजी, काही झालेलं नाही याला. घेऊन जा घरी." आणि आजी "देवच पावला," म्हणत बाहेर आली. पुढचं मूल. पुन्हा तेच. "काही नाही झालेलं. घरी जा." दर चार-पाच मुलांमागे एखादं थांबवून घेतलं जायचं, आणि तेव्हा आवाज बदलायचा. पण मधल्या सगळ्या वेळी ती हसत होती. मी रांगेत बसून मोजायचं विसरलो. जे वाक्य ऐकायला लोक सर्वांत जास्त आतुर असतात, ते गेली दोन वर्षं तिला क्वचितच बोलायला मिळालं होतं.

"स्वरदा मुकुंद तारळेकर!" सिस्टरांनी पुकारलं.

हेमांगीने मान वर केली. केस विस्कटलेले, ॲप्रनवर कुणाच्यातरी ओकारीचा डाग, डोळ्यांखाली काळं. ती आम्हाला काही बोलणार तेवढ्यात स्वरदा जाऊन तपासायच्या टेबलावर बसली आणि तिने हात पुढे केला, तळवा वर करून.

हेमांगीने तो हात घेतला. निरखून पाहिला. अंगठ्याने पापणी खाली ओढून पाहिली, जीभ बघितली, पाठीला स्टेथोस्कोप लावून "मोठा श्वास घे" म्हणाली. कुठलीही घाई न करता, इतर मुलांचं बघितलं तसंच सगळं बघितलं. स्वरदा अगदी गंभीरपणे श्वास घेत होती. मग हेमांगीने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

नंतर माझ्याकडे वळून, दिवसभर सगळ्या बापांना सांगितलं असेल त्याच आवाजात ती म्हणाली, "काही झालेलं नाही हिला. घेऊन जा घरी. मला अजून वेळ लागेल."